कोणाच्या कामी

फुलसिंग, मी तुझ्या मयतीला आले नाही.

गावातून बरेच लोक गेले होते म्हणे. कापूस बाजारातले जुने हमाल गेले, पेन्शनवाले गेले, बँकेतला शिपाईसुद्धा रजा टाकून गेला. ऑटोवाला माझ्या फाटकाशी येऊन दोनदा हॉर्न वाजवून गेला. मी त्याला सांगितलं, गुडघा दुखतो आहे. गुडघा दुखत होता हे खरं, पण तो रोजच दुखतो. खरं कारण तुला माहीत होतं. पावसाळ्यात तुझ्या तांड्यात शिरायला एकच वाट आहे, आणि ती वाट आता माझ्या भावाच्या नावावरून जाते. नाल्यावर जो दगड तू आडवा टाकलास, त्यावर पाय दिल्याशिवाय तुझ्या दाराशी पोचता येत नाही. मी पाय दिला नाही.

रविवारी परदेशातून नातवंडांचा, अन्वी आणि आरुषचा, फोन आला. तिकडे त्यांची सकाळ असते. दोघंही तुला 'फौजी आजोबा' म्हणायची. तुराट्यांच्या बंदुका खांद्यावर देऊन तू त्यांना अंगणात कदम ताल शिकवला होतास, ते त्यांना अजून आठवतं. अन्वीने विचारलं, "आजी, तू का नाही गेलीस? आणि तू त्यांच्याशी बोलत का नव्हतीस?" फोनवर मला उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहायला बसले. पण मुलांना उद्देशून लिहायला घेतलं, तर प्रत्येक वाक्य शाळेतल्या धड्यासारखं होऊ लागलं. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशीच बोललं पाहिजे. मुलांनो, तुम्ही मागे बसून ऐका. अडलं तर आईला विचारा.

तू पहिल्यांदा आमच्याकडे आलास तेव्हा एकाहत्तरची लढाई संपली होती आणि थंडी ओसरत आली होती. मधू गेल्याची तार केव्हाच येऊन गेली होती. ती इंग्रजीत होती, आणि घरात इंग्रजी चांगलं माझं, म्हणून वडिलांना मीच वाचून दाखवली होती. मधू माझा धाकटा भाऊ. पलटणीत लेफ्टनंट होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं.

ओसरीच्या पायरीशी तू उभा राहिलास. खाकी कोट, डोक्याला रुमाल आणि हातात आमचा पितळेचा कडीचा डबा. डब्यावर वडिलांचं नाव आणि गावाचं नाव कोरलेलं होतं. लग्नातली भांडी तशीच असतात. त्या नावावरून तू घर शोधत आला होतास. त्याच डब्यातून मी मधूला जवसाची चटणी पाठवली होती. मी झाकण उघडलं, तर आत भाजलेले शेंगदाणे.

"रिकामा डबा कसा देऊ, बाई?" तू म्हणालास.

तू मला 'बाई' म्हणालास ते मला तेव्हा खटकलं. मी कन्याशाळेत शिकवत होते, मुली मला बाई म्हणायच्या. वाटलं, हाही मला मास्तरीण समजून लांब उभा आहे. तुमच्या बोलीत बहिणीला बाई म्हणतात, हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. कळलं त्या वर्षापासून मी तुला राखी बांधू लागले.

वडील ओसरीतल्या झोपाळ्यावर, बंगईवर बसले होते. बंगई हलत नव्हती. तू खाली बसलास आणि आधी मधूचं हसणं सांगितलंस.

"साहेब नवे आलते. परेडमंधी एक जन गलत वळला, तं साहेब वरडले, 'काहून रे, झोपला का?' मले हासू आलं. साहेबानं मले पुढं बोलावलं. 'तू काहून हासला?' मी म्हनलो, साहेब, तुमी यवतमाळकडचे ना? तं साहेबच हासाले लागले."

आमच्या घरात 'काहून' चालत नसे. 'का' म्हण, मी त्याला दरवेळी सांगायची. तो बाजारातून, कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या पोरांकडून तो शब्द उचलून आणायचा आणि मला छळायला मुद्दाम वापरायचा. "ताई, काहून रागावली?" मी पुन्हा दुरुस्त करायची. तो पुन्हा म्हणायचा. इतक्या दूर, परक्या थंडीत त्याच शब्दाने त्याला गावचं माणूस मिळवून दिलं, हे ऐकून मला तेव्हा आनंद झाला की मत्सर वाटला, अजून सांगता येत नाही.

मग तू पुढचं सांगितलंस. तुमच्या तुकडीला पहाटेच्या धुक्यात एक कालवा ओलांडायचा होता. पूल उडवलेला. एक फळी मिळाली, ती आखूड पडली. तेव्हा मधू आणि रूपला पाण्यात उतरले. रूपला म्हणजे तुझा चुलतभाऊ, तुझ्याच तांड्यातला, तुझ्याबरोबरच भरती झालेला. फळीचं एक टोक काठावर आणि दुसरं त्या दोघांच्या खांद्यांवर. फळी संपली की त्यांचे खांदे, आणि खांद्यांवरून पलीकडच्या काठावर उडी. सगळी तुकडी तशी गेली, दारूगोळा डोक्यावर घेऊन.

"मी आखरीचा होतो, काका," तू वडिलांकडे बघून म्हणालास. "फळीच्या टोकाशी आलो अन् माहा पाय उचलेना. साहेबाच्या खांद्यावर बूट कसा ठेवू? साहेबानं वर पाह्यलं. पानी गळ्यापर्यंत, दात वाजून राह्यले होते. म्हनले, 'काहून थांबला रे? चाल.' मंग मी गेलो. त्यायच्यावरून गेलो. पल्याड जाऊन माग पाह्यलं तं..."

पुढचं तू त्या दिवशी बोलला नाहीस, आणि नंतरही कधी नाही. तोफेचा गोळा पडला होता हे आम्हाला पलटणीकडून कळलं.

वडील म्हणाले, "पाणी फार गार होतं का?"

"हाव, काका," तू म्हणालास.

त्यानंतर दोघांसाठी दगड उभारायचं ठरलं. बाजारातल्या अडत्यांनी वर्गणी दिली, हमालांनीही दिली. खाणीतून पुरुषभर उंचीचा काळा दगड आणला आणि कापूस बाजाराच्या फाटकासमोर, जिनिंगच्या तोंडाशी उभा केला. मजकूर मी लिहिला. शब्दांच्या बाबतीत मी फार काटेकोर, हे तुला आयुष्यभर भोगावं लागलं. 'मरण पावले' मला नको होतं. भाषणात वापरून गुळगुळीत झालेले शब्दही नको होते. मी लिहिलं, 'देशासाठी लढाईत कामी आले', आणि खाली दोन नावं, एकाखाली एक. कामी येणं, हा आपल्या भाषेतला जुना, स्वच्छ शब्द. मला त्याचा अभिमान होता.

अनावरणाला रूपलाची आई आली होती. तुमच्या बोलीत आईला याडी म्हणतात आणि सगळा तांडा तिला याडीच म्हणायचा. तिला वाचता येत नव्हतं. तू तिला बोटाने एक-एक शब्द दाखवून ओळ वाचून दाखवलीस. तिने मान वर करून विचारलं, "कोनाच्या कामी आला?"

ती टोमणा मारत नव्हती. पोरगं कामाला लागलं म्हटल्यावर कुठे लागलं असं विचारतात, तसं तिने विचारलं. अडते जमिनीकडे बघू लागले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी समजावून सांगितलं, "देशाच्या, याडी. देशाच्या कामी आला." तिने मान हलवली आणि तुमच्या बोलीत तुला आणखी काहीतरी विचारलं. मी म्हटलं, काय म्हणते? तू म्हणालास, "काई नाई, बाई."

ते 'काई नाई' तू पुढे तीसेक वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलंस. माझा हिशेब तिथून सुरू होतो.

पण मधली वर्षं मी नाकारणार नाही. नाकारली तर हे लिहिण्यात अर्थ नाही. दरवर्षी लढाईच्या दिवशी आपण दोघं त्या दगडापुढे उभे राहायचो. तू फौजेत होतास तोवर रजा मिळेल तेव्हा यायचास, निवृत्त झाल्यावर न चुकता. जिनिंगचा भोंगा बरोबर अकराला वाजायचा आणि बाजारातल्या कापसाच्या गाड्या थांबायच्या. कोणी टोपी काढायचं, कोणी नुसताच बैलाच्या कासऱ्याला धरून उभा राहायचा. मग आपण घरी येऊन चहा प्यायचो. पितळेचा डबा आपल्या दोघांत येत-जात राहिला. मी जवसाची चटणी भरून द्यायची, तू तुरीची डाळ, बोरं, कधी चारोळी भरून परत आणायचास. एकदा मोहाची फुलं आणलीस आणि माझी सून त्यांना बेदाणे समजून खिरीत घालायला निघाली, त्यावर तू इतका हसलास की खुर्चीवरून उठावं लागलं.

वडील गेले तेव्हा तू न सांगता आलास आणि खांदा द्यायला पुढच्या बाजूला जाऊन उभा राहिलास. भाऊबंदांपैकी कोणीतरी म्हणालं, हा कोण? मी म्हटलं, मुलगा आहे. हेही मी विसरलेले नाही. म्हणूनच तर पुढचं जास्त लागलं.

मग कापसाची वाईट वर्षं आली. ज्या गाड्यांची रांग यवतमाळच्या रस्त्यापर्यंत जायची, ती बाजाराच्या फाटकाशीच संपू लागली. लोक सोयाबीनकडे वळले. जिनिंग बंद पडलं आणि त्याच्याबरोबर भोंगाही गेला. त्या वर्षी अकरा वाजता तू स्वतःच "सावधान!" म्हणून असा ओरडलास की चहावाल्याच्या हातून कप पडला. तांड्यातांड्यांतून पांढऱ्या गाड्या फिरू लागल्या, मागे कॅमेरेवाले. नेत्यांना रोज कुठेतरी नारळ फोडायला जागा हवी होती. आणि बाजाराची जागा तर मोकळीच पडली होती.

आपल्या भागातल्या नेत्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते जिकडेतिकडे लिहिलेलं आहेच. त्यांना तिथे दुकानांची इमारत बांधायची होती आणि दगड नेमका मधे येत होता. लोक काय म्हणतील म्हणून त्यांना दोन्ही घरांची लेखी संमती हवी होती, आमची आणि तांड्याची. त्यांची माणसं माझ्याकडे आली. मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. पुन्हा आली. पुन्हा चहा दिला, पुन्हा नाही म्हटलं. तुला सांगितलं तेव्हा तू बंगईच्या कडीशी उभा होतास. तू म्हणालास, "बरोबर केलं, बाई."

तुझे हे शब्द मी धरून बसले होते, फुलसिंग.

उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस भाजी आणायला गेले आणि पाहिलं, तर दगड नव्हता. तिथे खड्डा होता, त्यात म्हशी धुतल्यासारखं गढूळ पाणी साचलं होतं. शेजारी जुना हमाल बिडी ओढत बसला होता. मी विचारलं, कोणी नेला?

"तांड्यावर नेला ना, मॅडम, ट्रॉलीत टाकून. फौजीनं सही देल्ली." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "तुमाले नाई मालूम?"

माझ्या संमतीची त्यांना गरजच उरली नव्हती. एक घर 'हो' म्हणालं होतं, दुसरं माझ्यासारख्या म्हातारीचं, तिला कोण विचारतो. दगड गेला याच्यापेक्षा त्या हमालाचं 'तुमाले नाई मालूम' मला जास्त झोंबलं. सगळ्या बाजाराला माहीत होतं.

राखीच्या दिवशी तू आलास. कसा आलास, कोणत्या तोंडाने, हे मी तेव्हाही विचारलं आणि आताही विचारते. इस्त्रीचा सदरा, हातात भरलेला डबा. मी डबा हातात घेतला नाही.

"राखी नाई बांधत का, बाई?"

"माझ्या भावाला विकून आलास आणि राखी मागतोस?"

"इकलं नाई. रस्ता मांगतला. नाल्यावर पूल मांगतला. पावसात पोट्टे शाळेत जात नाई. बाईले दिवस भरले तं खाटीवर टाकून न्या लागते, अन् नाला भरला का खाट या काठावर."

"मग रस्ता माग. अर्ज कर. मी लिहून देते. त्यासाठी दगड कशाला?"

"अर्ज तं तुमीच लिवले, बाई. किती लिवले? मस्त इंग्रजीत लिवले. काय झालं?" तू डबा पायरीवर ठेवलास. "त्यायले माह्यापासून दुसरं काय पाह्यजे होतं? माह्यापाशी होतंच काय?"

"तू म्हणाला होतास, बरोबर केलं."

"तुमी बरोबरच केलं."

"आणि तू?"

"मी बी."

"दोन्ही बरोबर कसं असेल?"

त्यावर तू जे बोललास ते मी या जन्मात विसरणार नाही. "दगडावर तुमीच लिवलं ना, कामी आले? मंग येऊ द्या ना कामी."

मला वाटलं, माझाच शब्द उचलून तू माझ्या तोंडावर मारलास. मी बोलायच्या आत तू ते जुनं 'काई नाई' बाहेर काढलंस.

"याडीनं त्या दिवशी मले काय इचारलं, सांगू? म्हने, देशाच्या कामी आला, बरं झालं. तांड्याच्या कवा येईन? मरेपर्यंत इचारलं तिनं. खाटीवर पडली होती तवाबी इचारलं."

"ती गेली त्याला किती वर्षं झाली! आता तू उत्तर कोणाला देतो आहेस?"

"तुमी बी तं दरसाल दगडापुढं उभ्या राहून बोलता. थे कोनाशी बोलता?"

मी म्हटलं, "नीघ."

तू डबा उचललास. नेहमी जाताना टाचा जुळवून सलाम ठोकायचास, मुलं घरात असली तर जरा जास्तच जोरात. त्या दिवशी नुसतं "राम राम" म्हणालास.

पुढचं सगळं गावाने पाहिलं. तांड्याच्या वाटेवर थोडा मुरूम पडला. नेत्याच्या फोटोचा मोठा फलक लागला. नाल्यापाशी दगड टाकून ट्रॉली परत गेली. पूल झाला की त्याच्या तोंडाशी उभा करू, असं ठरलं होतं म्हणे. निवडणूक झाली. पूल झाला नाही. मुरूम पहिल्या पावसाळ्यातच वाहून गेला. बाजारात मात्र इमारत उभी राहिली आणि तिला नाव दिलं 'वीर जवान व्यापारी संकुल'. कोणत्या जवानांचं, ते कुठेच लिहिलेलं नाही. खाली बियाण्यांचं दुकान, मोबाइलचं दुकान आणि एक बेकरी आहे.

तुलाही फसवलं हे मला कळलं होतं. तू पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवतोस, कोणी भेटत नाही म्हणून झाडाखाली बसून परत जातोस, हे लोक सांगायचे. मी ऐकून घ्यायची. तुला ज्यांनी फसवलं त्यांच्याकडून मी कधीच काही मागितलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा मला विशेष राग आला नाही. तुझा आला. त्यांना मी भाऊ म्हणत नव्हते.

त्या वर्षी लढाईच्या दिवशी मी एकटीच संकुलासमोर जाऊन उभी राहिले, मोटरसायकलींच्या मधे, जिथे दगड होता त्या अंदाजाने. मला खात्री होती, काही झालं तरी या दिवशी तू येशील. अकरा वाजले. तू आला नाहीस. बेकरीवाला बाहेर येऊन म्हणाला, "काय पाह्यजे, आजी?" मी पाव घेऊन घरी आले.

त्यानंतर काही दिवसांनी दूधवाल्याने सांगितलं. "फौजीनं दगड नाल्यावर आडवा टाकला. पोट्ट्यायले हाताशी धरून गोटे रचले अन् वर ठेवला. आता लोकं वरून चालतात. बकऱ्या बी जातात." तो कौतुकाने सांगत होता. मी दूध उतू जाऊ दिलं.

मुलांनो, तुम्हाला हे कदाचित कळणार नाही. आमच्याकडे चुकून वहीला पाय लागला तरी वही कपाळाला लावतात. तुम्ही लहान असताना मी तुमच्याकडूनही करून घेतलं आहे. आणि या माणसाने माझ्या भावाचं नाव बकऱ्यांच्या खुराखाली दिलं होतं.

म्हणून मी बोलले नाही. तू दोनदा निरोप पाठवलास, मी उत्तर दिलं नाही. मग तुझ्या छातीत कळ आली आणि तू गेलास, आणि भांडण माझ्या एकटीच्या हातात ठेवून गेलास. हाही एक विश्वासघातच. निदान माझ्याशी नीट भांडून तरी जायचंस.

मागच्या बाजाराच्या दिवशी तुझी सून आली. सुनीता. पदर कमरेला खोचलेला, पिशवीत तोच पितळेचा डबा. तिने तो माझ्यापुढे ठेवला. वडिलांचं नाव आता निम्मं झिजलं आहे.

"बापूनं सांगतलं होतं, बाईचा डबा रिकामा देऊ नोको," ती म्हणाली. आत चारोळी होती. "अन् म्हनत होते, आत्याबाईले घरी या म्हनू नोको, त्या येनार नाई. पन नाल्यापर्यंत या म्हन. नुसतं नाल्यापर्यंत."

तुला मी चांगली माहीत होते. घरी ये म्हटलं असतंस तर मी खरंच गेले नसते.

काल मी ऑटो जाते तिथपर्यंत गेले. पुढे सुनीताने हाताला धरून नेलं. नाला ओसरत आला होता, तरी पाणी होतं, मातकट आणि ओढीचं. दोन्ही काठांकडून गोटे रचून दोन ठेंगणे खांब केलेले, आणि त्यांच्यावर दगड. मी जवळ गेले आणि बघतच राहिले. वरच्या बाजूला अक्षरच नव्हतं. नुसता खडबडीत काळा दगड, मधोमध चालून चालून थोडा गुळगुळीत झालेला.

"नावं कुठे आहेत?"

"खाली हायेत ना, आत्याबाई. पान्याकडं." सुनीता सहज सांगत होती, जणू हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. "तोंड वर ठेवलं असतं तं नावाले पाय लागला असता. बापू म्हने, पाठ वर करा. पाठीवर तं मानूस लेकराले बी घेते. कोनी म्हनलं, बापू, अक्षरं भिजतीन. तं म्हने, भिजू द्या. थे दोघं पान्यात उभे राहाचेच हायेत. त्यायले सवय हाये."

मी तिला विचारलं, हे कधी केलं. ती म्हणाली, "थंडीत. फौज्यायचा दिवस असते ना तुमचा, त्याच दिवशी. अकरा वाजता वर ठेवला. बापू वरडले केवढ्यानं, सावधान म्हनून! सारा तांडा हासला. मंग बापू रडाले लागले, तं सारे चूप."

म्हणजे त्या वेळी मी मोटरसायकलींच्या मधे तुझी वाट बघत होते.

मी काठावर बसले. गुडघ्याने बसू देईना तरी बसले. हात दगडाखाली घातला. पाणी गार होतं. बोटांना खोदलेलं काहीतरी लागलं. शाळेत मुलींच्या वह्या तपासाव्यात तशी मी बोटांनी चाचपत गेले: 'का', मग 'मी', मग 'आ'. माझ्या बाजूला माझीच ओळ होती. नावं पलीकडच्या काठाकडे होती. हात तिथवर पोचत नव्हता.

फुलसिंग, माझा राग गेलेला नाही, हे तुला सांगून ठेवते. तू नेत्याला सांगितलंस, तांड्याला सांगितलंस, हातभर उंचीच्या पोट्ट्यांना सांगितलंस, आणि मला सांगितलं नाहीस. 'बाई, त्यायले परत पान्यात उभं करून राह्यलो,' एवढंच म्हणायचं होतं. मी आधी नाहीच म्हटलं असतं. कदाचित नंतरही नाहीच. पण विचारायला हवं होतंस. तो तुझा साहेब होता, माझा भाऊ होता. त्याच्या खांद्यावर पाय ठेवताना तुझासुद्धा पाय उचलला नव्हता, आणि मी मात्र राजीखुशीने ठेवीन असं तू धरून चाललास.

शाळा सुटली होती. चार-सहा मुली दप्तरं सावरत दगडावरून पलीकडे गेल्या. कोरड्या पायांनी गेल्या. एकीनेही खाली पाहिलं नाही. त्यांच्या मागून एक म्हातारी काठी टेकत गेली आणि जाताना दगडाला हात लावून तो कपाळाला लावून गेली. घराचा उंबरा ओलांडताना लावतात तसा, सवयीने.

सुनीता माझ्या हातातला डबा घेऊन पुढे निघाली. त्यात मी चटणी भरून आणली होती. कोणासाठी ते मी ठरवलं नव्हतं. मी उठले, चपला काढून हातात घेतल्या आणि दगडापाशी येऊन उभी राहिले. पाय उचलेना.

ती पलीकडे पोचली होती. मी मागे नाही हे बघून वळली, आणि तांड्यातली कोणतीही बाई म्हणेल तसं म्हणाली, "काहून थांबल्या, आत्याबाई? चाला."

तो शब्द मी दुरुस्त केला नाही. पाय उचलला.